न पोचलेल्या पत्रावरचा शेरा

१९९९ च्या हिवाळ्यातली गोष्ट. सोलापुरात तेव्हा सायबर कॅफे नुकते सुरू झाले होते. प्लायवूडचे खोके, प्रत्येक खोक्यात एक संगणक, आणि दाराशी वहीत वेळ लिहून घेणारा मुलगा. तासाला चाळीस रुपये. माझ्या शेजारच्या खोक्यात एक निवृत्त हेडमास्तर बसले होते. मुलगा परदेशात, त्याला मेल पाठवायचा होता. मध्येच ते दोन्ही हात कीबोर्डपासून लांब धरून ताडकन उठून उभे राहिले. "अहो, मी काही केलेलं नाही," ते कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले.

मी डोकावलो. पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की, या प्रोग्रामने बेकायदेशीर कृत्य केलं आहे, सबब तो बंद करण्यात येत आहे. सरांचं इंग्रजी चांगलं होतं, तीच पंचाईत झाली. कमी येत असतं तर घाबरले नसते. मुलानं येऊन बटण दाबलं आणि म्हणाला, "काही नाही सर, रोजचंच आहे." पण सर पुन्हा बसले नाहीत. अख्ख्या तासाचे पैसे देऊन निघून गेले.

विंडोज ९५ आणि ९८ वापरलेल्या मंडळींना ते वाक्य आठवत असेल. त्यातलं 'इल्लीगल' कायद्याच्या पुस्तकातलं नव्हतंच. प्रोग्रामनं स्मरणातल्या, आपल्या वाट्याला न आलेल्या जागेत हात घातला किंवा यंत्राला न कळणारी आज्ञा दिली, एवढाच त्याचा अर्थ. इंजिनियरांच्या आपसातल्या बोलीतला शब्द, तो तसाच उचलून हेडमास्तरांपुढे ठेवला. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं, तेव्हा ते वाक्य गेलं. त्या जागी 'अडचण आली आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व' अशा धर्तीचं वाक्य आलं. पण सर त्या वेळी उठून गेले ते गेलेच.

मी कवितेचा माणूस. संगणकाचं शिक्षण नाही, बी. ए. झालो तेही मराठी घेऊन. पण त्या दिवसापासून पडद्यावरच्या या वाक्यांकडे मी शब्द म्हणून पाहू लागलो. हे कोण बोलतंय? कुणाला बोलतंय? आणि चूक कुणाच्या पदरात घालतंय?

हे प्रश्न मला घरातूनच मिळाले होते. आमचे अब्बा पोस्टमन. न पोचलेल्या पत्रावर शेरा लिहिणं हा त्यांच्या कामाचा भाग होता. 'घर बंद', 'पत्ता अपुरा', 'घेण्यास नकार', 'या नावाचे कोणी नाही', 'सोडून गेले'. खाली तारीख आणि सही. आमच्या बाजूला हातमाग-यंत्रमागाची वस्ती. काम तुटलं की घरंच्या घरं भिवंडीला, सुरतेला जायची. अब्बांच्या बीटात 'सोडून गेले' हा शेरा फार. पण तो तीन घरी विचारल्याशिवाय ते लिहीत नसत. त्यांचं म्हणणं असं, की पत्र परत गेलं तरी हरकत नाही, पाठवणाऱ्याला का परत आलं ते कळलं पाहिजे. 'नकार' आणि 'सोडून गेले' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकात माणूस रुसलेला असतो, दुसऱ्यात बिचारा पोटामागे गेलेला असतो.

वेबवरचे आकडे नेमकं हेच काम करतात. त्यांचा इतिहास मात्र वेबपेक्षा जुना आहे.

जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज तरुणानं मार्च १९८९ मध्ये एक प्रस्ताव लिहिला आणि १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर आणि पहिला ब्राउझर चालवून दाखवला. सर्व्हर म्हणजे पानं राखून ठेवणारं आणि मागितली की पाठवणारं यंत्र. ब्राउझर म्हणजे ती मागणारा आणि आपल्याला दाखवणारा प्रोग्राम. पहिला सर्व्हर एका काळ्या नेक्स्ट संगणकावर होता आणि त्यावर लाल शाईनं हातानं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. एक बटण दाबलं असतं, तर त्या घटकेला जगातलं सगळं वेब बंद पडलं असतं!

१९९१ च्या त्या पहिल्या वेबमध्ये चुकांना आकडे नव्हते. पान मिळालं नाही तर सर्व्हर साध्या इंग्रजीत तसं लिहून पाठवायचा. माणसाला ते वाचून कळे. ब्राउझरला मात्र हे मागितलेलं पान आहे की नकाराची चिठ्ठी, हे ओळखायला काही मार्गच नव्हता. त्या वेळच्या नियमपत्रकात ही उणीव सरळ नोंदवलेली आहे. उपाय करताना बर्नर्स-ली यांनी जुन्या घरातलं भांडं उचललं. संगणकांनी एकमेकांना फायली पाठवण्याची पद्धत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेत होती, तिच्यात तीन आकडी उत्तरं होती. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये ई-मेलचे नियम लिहिले, त्यांतही तेच. पहिला आकडा २ असेल तर काम झालं. ४ असेल तर आत्ता नाही, पुन्हा प्रयत्न करा. ५ असेल तर नाहीच, पुन्हा येऊ नका.

वेबनं आकडे तेच घेतले, पण ४ आणि ५ यांचा अर्थ बदलला. ही छोटी गोष्ट वाटेल, पण मला ती फार मोठी वाटते. मेलमध्ये पहिला आकडा सांगत होता, परत यावं की नाही. वेबमध्ये तो सांगू लागला, चूक कुणाची. ४ म्हणजे मागणाऱ्याची, ५ म्हणजे देणाऱ्याची. १९९६ साली छापील स्वरूपात आलेल्या नियमावलीतलं ४ चं वर्णन मी पुन्हापुन्हा वाचलं आहे. मागणाऱ्याचं चुकलं असावं 'असं दिसतं', अशा प्रसंगी हा वर्ग वापरावा, असं तिथं म्हटलं आहे. 'असं दिसतं' हे दोन शब्द ज्यानं घातले, त्याला माझा सलाम. पडद्यापर्यंत येईतो मात्र ते गळून पडले.

कारण त्या वर्गातला सगळ्यात प्रसिद्ध आकडा, ४०४, बहुतेक वेळा आपली चूक नसतोच. पत्ता बरोबर असतो. पान काढून टाकणारा पलीकडे असतो. सोडून गेलेला तो, आणि शेरा आपल्या नावावर.

मग ४०४ येतोच का? त्याची मुळं वेबच्या जन्मातच आहेत. एका मजकुरातून दुसऱ्या मजकुरावर उडी मारता यावी, ही कल्पना टेड नेल्सन या अमेरिकन गृहस्थाच्या डोक्यात १९६० पासून होती. 'हायपरटेक्स्ट' हा शब्दही त्यांचाच. त्यांच्या आराखड्यात प्रत्येक जोड दुहेरी असणार होती. मी तुमच्या पानाकडे बोट दाखवलं, की तुमच्या पानालाही ते कळणार. मग पान हललं तरी जोड तुटायची नाही. पण असं करायचं तर सगळ्या जोडांची कुठंतरी एकत्र नोंद हवी आणि दर वेळी दोन्ही बाजू जुळायला हव्यात. बर्नर्स-ली यांनी ती अट काढून टाकली. कुणीही कुणाच्याही पानाला जोडावं, विचारायचं नाही, कळवायचं नाही. म्हणून वेब वाऱ्यासारखं पसरलं, आणि म्हणूनच ते तुटकंही राहिलं. नेल्सन शेवटपर्यंत नाराजच आहेत. एकतर्फी, सारखे तुटणारे दुवे हीच तर आपण टाळू पाहत असलेली गोष्ट, असं त्यांचं म्हणणं.

लिंकला मराठीत 'दुवा' हा शब्द रुळला, तेव्हा मला मनातून गंमत वाटली. आमच्या घरात दुवा म्हणजे थोरांचा आशीर्वाद. तो देतानाही समोरच्याची परवानगी लागत नाही.

४०४ विषयी एक दंतकथा फार फिरते. सर्नमध्ये म्हणे ४०४ क्रमांकाची खोली होती, तिथं मूळ फायली ठेवल्या होत्या, सापडल्या नाहीत की 'रूम ४०४' असा निरोप यायचा. गोष्ट चांगली आहे, पण खरी नाही. बर्नर्स-ली यांचे सहकारी रॉबर्ट कायो यांनी ती साफ उडवून लावली. चौथ्या शतकातल्या आकड्यांचं एकेक वाटप चाललं होतं, त्यात 'सापडलं नाही' याला चौथा नंबर मिळाला, इतकंच. त्याच्या मागे ४०३, 'मनाई'. म्हणजे पान आहे, पण तुम्हांला नाही. त्याच्याही मागे ४०२, 'पैसे भरा'. हा पुढं लागेल म्हणून राखून ठेवला आणि नियमावलीत वर्षानुवर्षं राखीवच राहिला. १९९७ च्या नियमांत ४१० आला : होतं, पण कायमचं गेलं. मला हा सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. अब्बांनी तोच वापरला असता. संकेतस्थळवाले क्वचितच वापरतात, कारण त्यासाठी काय होतं हे लक्षात ठेवावं लागतं.

आणि ४१८! १ एप्रिल १९९८ रोजी लॅरी मॅसिंटर यांनी इंटरनेटवरून कॉफीचं भांडं चालवण्याचे नियम गंभीर चेहऱ्यानं प्रसिद्ध केले. त्यांत चहाच्या किटलीकडे कॉफी मागितली, तर तिनं उत्तर द्यावं : ४१८, मी किटली आहे. एप्रिल फूलची थट्टा, पण प्रोग्रामर मंडळींनी तो आकडा आजतागायत जपून ठेवला आहे.

४५१ मात्र थट्टा नाही. रे ब्रॅडबरी यांची १९५३ ची कादंबरी 'फॅरेनहाइट ४५१' पुस्तकं जाळणाऱ्या राजवटीविषयी आहे. जून २०१२ मध्ये ब्रॅडबरी वारले आणि त्याच महिन्यात टिम ब्रे यांनी सुचवलं, की कायद्यानं एखादं पान रोखलं असेल तर तसं स्पष्ट सांगणारा आकडा हवा, आणि तो ४५१ असावा. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो नियम म्हणून प्रसिद्ध झाला. 'सापडलं नाही' म्हणणं आणि 'दाखवायला बंदी आहे' म्हणणं यांत जो फरक आहे, तो राखण्यासाठी एक आकडा खर्ची घातला, ही गोष्ट मला कवितेइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्याकडे अशा वेळी बहुधा दूरसंचार विभागाच्या आदेशाचा हवाला देणारी चार ओळींची सूचना दिसते किंवा पान नुसतंच उघडत नाही.

आकडे असे नीट रचलेले होते. ते आपल्यापर्यंत पोचले का? फारसे नाही. १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ आला, त्यात 'मैत्रीपूर्ण संदेश' नावाची सोय होती. सर्व्हरनं स्वतः लिहिलेली चुकीची चिठ्ठी आखूड असेल, ४०४ ला ५१२ बाइटांपेक्षा कमी, तर ब्राउझर ती बाजूला सारून आपलंच छापील पान दाखवायचा. 'पान दाखवता येत नाही' या मथळ्याचं ते पांढरं पान आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. वायर निघालेली असो, नाव चुकलेलं असो, पलीकडचं यंत्र झोपलेलं असो, मथळा बहुधा तोच. खरं कारण कुठंतरी तळाशी बारीक अक्षरांत. पोस्टमननं प्रत्येक पत्रावर 'पत्र पोचले नाही' एवढंच लिहावं, तसा प्रकार. ते तर दिसतंच आहे, बाबा!

म्हणून आता मी एवढंच पाहतो, की आकडा आहे का? आकडा असेल तर आपलं मागणं पलीकडे पोचलं आहे आणि कुणीतरी उत्तर दिलं आहे. म्हणजे आपलं नेट चालू आहे, संगणक ठीक आहे, दुकानदाराला फोन करायचं कारण नाही. ४०४ असेल तर पत्त्याच्या शेवटी चुकून पूर्णविराम किंवा स्वल्पविराम चिकटला आहे का ते बघावं. मेलमधून उचललेल्या पत्त्यांत हे फार होतं. नसेल तर पत्ता शेवटून एकेका तिरक्या रेघेपर्यंत खोडत मागं यावं, जसं घर सापडलं नाही तर गल्लीच्या तोंडाशी येऊन विचारतो. ५ नं सुरू होणारा आकडा असेल, तर आपण करण्यासारखं काही नाही. ५०० म्हणजे तिथं आत बिघाड. ५०२ आणि ५०४ म्हणजे दारावरचा माणूस आहे, पण आतला माणूस त्याला नीट उत्तर देत नाही किंवा वेळेत देत नाही. ५०३ म्हणजे गर्दी किंवा डागडुजी.

२०१६ साली माझ्या मुलीचा एका परीक्षेचा निकाल लागायचा होता. दुपारी एकपासून ५०३. ती दर पाच सेकंदांना बटण दाबत होती आणि रडत होती, की माझाच बैठक क्रमांक चुकला असणार. मी तिला म्हटलं, बेटा, पाच आहे, तुझं नाही, त्यांचं आहे. आणि तू दाबतेस त्यानं रांग वाढतेच आहे. चहा करून प्यायलो. अडीचला निकाल उघडला.

आकडाच नसेल तर बोलणारा आपलाच ब्राउझर असतो, कारण पलीकडून कुणी बोललेलंच नाही. 'सर्व्हर सापडला नाही' म्हणजे नावाचा ठावठिकाणा लागला नाही. एके काळी सगळ्या जोडलेल्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचं कार्यालय ती यादी सांभाळायचं. यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची नोंद जगभर वाटून ठेवण्याची पद्धत आखली. आजही आपण नाव टाइप केलं, की आधी त्या नोंदीत विचारणा होते. म्हणून अशा वेळी दुसरं एखादं नेहमीचं संकेतस्थळ उघडून बघावं. ते उघडलं तर आपण टाइप केलेलं नाव चुकलं आहे किंवा त्या एकाच घराचा घोटाळा आहे. कुठलंच उघडलं नाही, तर मात्र आपली वायर, मोडेम, रिचार्ज. २०१४ पासून गुगलचा क्रोम अशा वेळी एक डायनॉसोर दाखवतो. स्पेसबार दाबला की तो उड्या मारतो. नेट नसताना खेळायला खेळणं देणारा हा पहिलाच शेरा म्हणायचा.

सगळ्यांत भीतिदायक पान लाल खुणेचं. 'तुमचं कनेक्शन खासगी नाही.' आमच्या आपाच्या घरी २०१८ मध्ये प्रत्येक संकेतस्थळावर हेच येऊ लागलं. आपानं संगणकावर चादरच टाकून ठेवली, कुणीतरी बघतंय म्हणून. मी कोपऱ्यातली तारीख पाहिली, १ जानेवारी २००९! आतल्या घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असतं, त्याला अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंत अशी मुदत असते. आपाचा संगणक २००९ मध्ये जगत होता, त्याच्या लेखी सगळी प्रमाणपत्रं भविष्यातली, म्हणजे खोटी. बॅटरी बदलली, तारीख लावली, चादर निघाली.

पण हा लाल शेरा झटकूनही टाकू नये. घड्याळ बरोबर असेल आणि बँकेच्या पानावर तो आला, तर 'पुढे जा' दाबू नका. उलट बाजूही सांगतो. पत्त्याशेजारच्या कुलपाचा अर्थ वाटेत कुणी पत्र वाचत नाही, इतकाच होता. पलीकडचा माणूस सज्जन आहे असं ते कधीच सांगत नव्हतं. लोकांची ती समजूत जाईना, म्हणून क्रोमनं सप्टेंबर २०२३ मध्ये ते कुलूपच काढून टाकलं.

मराठीचं एक दुखणं असं, की त्यावर कुठलाच शेरा येत नसे. युनिकोड रुळण्याआधी मराठी संकेतस्थळं आपापल्या फाँटमध्ये लिहिलेली असत. तो फाँट आपल्याकडे नसला, की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. पान व्यवस्थित पोचलेलं. आकडा २००, सगळं ठीक. आणि वाचता एक ओळ येत नाही.

हे सांगण्याचं कारण आहे. अब्बा २००२ मध्ये गेले. त्याआधीच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या टपालातल्या आठवणी एका वहीत उतरवून घेतल्या होत्या. २००३ मध्ये एका छोट्या मराठी संकेतस्थळानं त्या नऊ भागांत छापल्या. घर बदलताना वही गेली. चिंता केली नाही, म्हटलं इंटरनेटवर आहेच. २०११ मध्ये नातवंडांना दाखवायला गेलो, तर ४०४. संपादकांना मेल केला, तो ५५० या आकड्यासह परत आला. मेलमधला ५, म्हणजे पुन्हा येऊ नका. पुढं तर संकेतस्थळाचं नावच सापडेना.

हे माझ्या एकट्याचं नाही. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्रानं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. खुद्द बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये लिहून ठेवलं होतं, की पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसं ते बदलतात. ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत इंटरनेट आर्काइव्ह सुरू केलं, ते याच नाशाच्या विरोधात. २००१ पासून 'वेबॅक मशीन'मध्ये जुना पत्ता टाकून कुणालाही जुनी पानं पाहता येतात.

मला ते २०२० च्या टाळेबंदीत कळलं. जुना पत्ता एका जुन्या मेलमध्ये होता, तो टाकला. नऊपैकी आठ भाग निघाले, सगळे कचऱ्याच्या रूपात. त्या फाँटचं युनिकोड करणारा छोटा प्रोग्राम मुलीनं शोधून दिला. जोडाक्षरं मोडली होती, 'पोस्ट' शब्द तर प्रत्येक ठिकाणी हातानं दुरुस्त करावा लागला. रोज संध्याकाळी एक पान, अशी तीन महिने बसलो. अब्बांचं बोलणं परत आलं. 'बटवड्याला निघालो' असं ते म्हणायचे, तेसुद्धा.

सातवा भाग मिळत नाही. तिथं ४०४ येत नाही, वेगळं वाक्य येतं : हा पत्ता आम्ही जतन केलेला नाही. त्या भागात मंगळवार पेठेतल्या एका पत्राची गोष्ट होती, इतकं आठवतं. तीन घरी विचारून झाल्यावर अब्बा चौथ्या घरी गेले होते. पत्र कुणाचं होतं आणि ते शेवटी पोचलं का, ते मला आठवत नाही.